एक पूर्णांक दोन

ठाण्याला, जांभळी नाक्याच्या मागल्या गल्लीत,
स्टुडिओ बंद करताना डिंगणकरांनी ती लेन्स मला विकली.
वजन किलोभर, पुढची काच आमटीच्या वाटीएवढी.
म्हणाले, उजेड पिते ही. आणि पिणाऱ्याचे
सगळे गुण-अवगुण आहेत हिच्यात, सांभाळून घे.
पैसे मी चार हप्त्यांत दिले.

करावे गावात हळदीची रात्र.
मांडवात एकच पिवळा बल्ब, कारण जनरेटर
फक्त डीजेचं ऐकत होता.
फ्लॅश मारला असता तर गाणं
सावलीसकट मागच्या कापडाला चिकटलं असतं.
मी ॲपर्चर पूर्ण उघडलं.
अंधाराला कडी नव्हतीच,
नुसता लोटलेला होता.

धवलारीण गोमीबाय तांडेल
उंबराच्या फांदीपाशी धवला म्हणत होती, किंचित डुलत.
त्या डुलण्याचीच पंचाईत.
इतक्या उजेडाच्या बदल्यात ही धार देते
तांदळाच्या दाण्याएवढी:
पापणी मिळाली की बुबुळ सुटतं,
बुबुळ धरलं की नाकातली मोरणी विरघळते.
चाळीस काढले. सदतीस पुसले.

उरलेल्यांतला हा एक.
उजवा डोळा असा, की त्यात बल्ब दिसतो, बल्बातली तार दिसते.
डावा म्हणजे साय.
पांढऱ्या केसांना जांभळट किनार,
कुणी जांभळं खाऊन बोटं पुसावी तशी.
तोरणातले मधले दिवे आज्ञाधारक, गोल,
पण कडेच्यांना पंख फुटलेले,
चौकटीबाहेर उडायच्या बेतात.
चारी कोपरे करपलेले.
नव्या, शहाण्या लेन्सवर यातलं काही झालं नसतं.
संगणकावर दोन बटणांत निघालंही असतं.
मी त्या जांभळ्या किनारीवर बाण नेला,
आणि चहा करायला उठले.

आठवड्यानं फोटो द्यायला गेले.
ती ओट्यावर सुकट पसरत होती.
पदराला हात पुसून तिनं फोटो घेतला.
"माजा दुसरा डोला कं जेला?"
मी समजवायला लागले, काच, उजेड, अंतर, धार.
तिनं ऐकलं नाही.
तळव्यानं एक डोळा झाकला, मग दुसरा.
"बराबर हाय," म्हणाली,
"या डोल्यान मोतीबिंदू पिकलाय.
दिव्याना पखा फुटतान, मानूस सायीन बुरालेला दिसतं.
तुज्या कॅमेऱ्याला कोनी सांगला?"

कोणीच नाही.
डावा मागे होता, एवढंच.
मान जराशी उलटी वळली असती
तर उजवा गेला असता.

नेरूळला गुरुवारी शिबिर आहे, मी म्हटलं,
पंधरा मिनिटांत नवी काच बसवतात.
ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.
फोटो लांब नेला, जवळ आणला,
परत थोडा लांब,
मी त्या रात्री रिंग फिरवत होते तसा,
आणि एका जागी हात थांबला.
तिथं तिला काय धारदार दिसलं, मला कळलं नाही.
बराच वेळ गेला.
मग फोटोवरची नजर न काढता म्हणाली,
"कावला हाकल."