परतीची तारीख

चार गुरुवारांनी एकदा, चार वाजून दहा मिनिटांनी,
कुहमोच्या बाहेर, दूध डेअरीच्या बंद फाटकापाशी
पुस्तकांची बस येऊन थांबते.
तैस्तो इंजिन चालूच ठेवतो. उणे एकवीसमध्ये
बंद केलेलं इंजिन पुन्हा कुणाचं ऐकत नाही.
मी बूट झाडते, आत शिरते,
जुनी सहा देते, नवी सहा घेते.
माझा महिना असा अठ्ठावीस दिवसांचा,
पगाराशी त्याचा संबंध नाही.

दिवसा मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते.
रात्री वाचते. वाचते म्हणजे,
खरं सांगायचं तर, चोराच्या पावलांनी जाते:
लोकांच्या घरात शिरावं, दागिन्यांना हात लावू नये,
दारं कशी बसवलीत तेवढं पाहून यावं.
आल्यावर चौकड्यांच्या वहीत लिहून ठेवते.

सप्टेंबर. पूल रंगवणाऱ्याची कादंबरी.
एक टोक रंगवून होईतो दुसरं गंजलेलं.
लेखिकेला हे कळलंय, आणि ती एकदाही बोलून दाखवत नाही.
जळले मी.
ऑक्टोबर. दंतवैद्यांच्या तीन पिढ्या. पान एकशेबारावर सोडली.
सगळे एकसारखे रडतात.
पुन्हा ऑक्टोबर. विधवा नवऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या विकायला काढते,
गिऱ्हाईक दारात, आणि ती ऐन वेळी भाव वाढवते.
ते पान चार वेळा. शेवट मात्र घाईचा,
पाहुणे उठायच्या आत भांडी घासायला घ्यावीत तसा.

माझी स्वतःची? आहे.
शिवणयंत्राच्या खोक्यात, दोनशे सात पानं.
तिच्यात एक माणूस अकरा वर्षं स्टेशनावर उभा आहे
आणि मला गाडी आणता येत नाही.
'हिल्का, तुझं कधी ठेवायचं फळीवर?' तैस्तो विचारतो.
'पुढच्या खेपेला,' मी म्हणते.
तो दोन पुस्तकं जरा सरकवून ठेवतो.

ठिपके पहिल्यांदा दिसले ते पुलाच्या पुस्तकात.
समासात, पेन्सिलीचे, मोहरीएवढे.
माणूस पाण्यात पडतो तिथे ठिपका नाही.
चुंबनापाशी नाही.
त्याने डबा उघडला, बटाटे अजून कोमट होते:
इथे ठिपका.
मग पुस्तकामागून पुस्तकात सापडत गेले,
माझ्या आधी कुणी बर्फातून चालत गेल्यासारखे.
आमच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द,
त्यामुळे कोण असेल हे मला कधी ठरवावं लागलं नाही.
नुसतं एक माणूस.
मी त्या माणसाशी भांडायची. इथे काय आहे एवढं?
मग पुन्हा वाचून गप्प बसायची.

जानेवारीत खाणीवरच्या स्वयंपाकिणीची कादंबरी.
ठिपके एकसष्टाव्या पानापर्यंत.
पुढे कोरं.
फेब्रुवारीतली सहाच्या सहा कोरी.

'कोण काय नेतं ते सांगता येत नाही, नियम आहे,'
तैस्तो म्हणाला, आणि स्वच्छ काच पुसत राहिला.
पण बस आता चार वाजून दोन मिनिटांनीच येते.
वाटेत पिवळ्या घराच्या वळणावर
कुठलीशी आठ मिनिटं होती.

बासष्टाव्या पानावर स्वयंपाकीण मीठ विसरते
आणि कुणीच काही बोलत नाही.
तिथे ठिपका पडला असता.
मी दिला नाही. पुस्तक सगळ्यांचं आहे.

घरी येऊन खोकं उघडलं.
पेन्सिलीला टोक केलं, पहिल्या पानापासून बसले,
गाडीची वाट न पाहता.
स्टेशनावरच्या माणसाच्या खिशात संत्र्याची साल आहे.
एकशेचाळीसाव्या पानावर लिहून मीच विसरले होते.
दोनशे सात पानांत नऊ ठिपके.
दहावा द्यावा की नाही,
यावर आमचं दोघांचं अजून भांडण चालू आहे.