सहा पंचावन्नची बस

पाच वीसला मनवा उठते, निहार उठत नाही.
त्याला झोपेतच मोजे चढवतो,
शाळेचेच. तेवढंच एक काम वाचतं.

कन्नमवार नगरातून खाडीच्या अंगाला,
दूधकेंद्राच्या निळ्या क्रेटांना हात लावून परत.
मंगळवारी नाही:
पीटीचे पांढरे बूट मळतात.

निहार पळता पळता पाढा म्हणतो.
सात सक बेचाळीसला धाप लागते,
तिथून चालतो.
गल्लीतली कुत्री त्याला ओळखतात, मला नाही.

मग आंघोळ, वेणी, डबा,
डब्याचं झाकण कुठंय?

आज त्यापायी बस सुटली.
दोन्ही दप्तरं माझ्या पाठीवर,
तिघं सुसाट सिग्नलपर्यंत.
लाल होता.

मनवा पायरीवरून ओरडली,
"बाबा, घड्याळ थांबव!"

बस वळली.
झाकण माझ्याच हातात होतं.