पासंग

खारकर आळीत माझं दुकान, सव्वाशे चौरस फूट,
त्यातले वीस वडिलांच्या ऐरणीनं अडवलेले.
आम्ही काटे दुरुस्त करतो.
वजनाच्या बुडात शिसं भरतो, जास्त झालं की खरवडतो,
वर्षाकाठी सरकारी शिक्का मारून आणतो.

विद्यापीठ आलं ते आधी गालांच्या गोदामात.
हिरजीशेठनं शेवटचं पोतं विकलं, हात झटकले
आणि तीनशे किलोचा काटा माझ्याकडे पाठवला,
दुरुस्तीला नव्हे, भंगारात.
मग बंद पडलेलं थिएटर गेलं, मग लॉज,
मग आमच्याच इमारतीचा पहिला मजला.
तिथे आता सांख्यिकी.
दर पन्नास मिनिटांनी माझ्या डोक्यावरून बाकं सरकतात.
पूर्वी या आळीत दांडी मारायचे ते दुकानदार,
आता पोरं मारतात.

कारखानीस बाईंनी दिवाणखान्यातलं शोकेस काढून
चार कॉट टाकल्या. कॉटमागे नऊ हजार.
दोन्ही गुडघे एकदम करून घेतले त्यांनी,
आता जिना न थांबता चढतात
आणि वर गेल्यावर बसायला त्यांना जागा नसते.

इसाक हातगाडीवाला. दिवसाला सहा फेऱ्या होत्या, गहू, तूर, गूळ.
आता जुलैत गाद्या आणायच्या, मेमध्ये गाद्या न्यायच्या.
मधले महिने तो गाडीवरच झोपतो.
म्हणतो, गादी वाहणाऱ्याला झोप येणारच.

महागिरीची हौसाबाई सांगते,
कच्चा बोंबील कोणी घेत नाही, तळलेला उरत नाही.
पाटी गेली, कढई आली.
तेलाचा भाव ती आता मासळीच्या आधी विचारते.

आणि मी.
पागडीचं दुकान, भाडं एकशेदहा रुपये.
मालकाचा पुतण्या आला, चहा नको म्हणाला,
कागदावर एक आकडा लिहून
कागद पालथा ठेवून गेला.
वाऱ्यानं उडू नये म्हणून
मी त्यावर पाव किलोचं वजन ठेवलं.

मार्चात वरच्या वर्गातली एक मुलगी फॉर्म घेऊन उतरली.
प्रणिता आत्राम, किनवटकडची.
'विस्तारामुळे आपले उत्पन्न:
वाढले, घटले, तसेच राहिले. एकावर खूण करा.'
म्हटलं, बाई, बस जरा.
खुंटीवरचा तराजू काढून तिच्यासमोर धरला, रिकामा.
डावं पारडं खाली गेलं.
ती म्हणाली, यात तर काहीच नाही.
तेच, म्हटलं. काही घालायच्या आधी बघायचं असतं.
ही चूक तराजूच्या अंगातली,
उजवीकडे खडा बांधतात तो पासंग.
तुम्ही यायच्या आधी हा बाजार
सरळ होता असं कोणी सांगितलं तुला?
गालांनी चाळीस वर्षं हमालांना काय दिलं,
ते तुझ्या फॉर्मात कुठे आहे?
रकाना नव्हता.
तिनं समासात लिहिलं, बारीक अक्षरात, आडवं.

जाताना अडखळली. पिशवीतून स्टीलचा डबा काढला.
मेसवाला दीडशे ग्रॅम भात म्हणतो, बघाल का?
डब्याचं वजन आधी वजा केलं, मग भात.
एकशे अठरा.
दोघंही हसलो.
एवढा तरी धंदा जुन्या वळणाचा उरलाय.

संध्याकाळी वर दिवे लागतात, पांढरे, एकाच वेळी सगळे,
आणि गालांच्या गोदामाचा उंदीर
बिचारा सवयीनं
अजून माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन हुंगून जातो.

कागद अजून तिथेच आहे, पाव किलोखाली.
मी पाहिला नाही असं सगळ्यांना सांगतो.
पाहिलाय. तीनदा.
तिसऱ्या वेळी वजनही उलटं करून पाहिलं,
शिक्का यंदाचाच आहे ना म्हणून.