गट : लागू नाही

अर्जात एक चौकोन असतो, 'गट' नावाचा.
अ, ब, क, ड पैकी एकावर खूण करा.
अकरा वर्षं मी त्या चौकोनात
निळ्या शाईनं लिहितोय : लागू नाही.

आमचं रात्रीचं कॉलेज, नायगावात.
दिवसा त्याच वर्गांत मुलींची शाळा भरते,
फळ्यावरचा सुविचार आम्हाला शिळा मिळतो.
लीगचे सामने दुपारी तीनला.
तीनला आमचा डावा विंगर एल्रॉय तुस्कानो
बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत असतो,
फैजान तुंगेकर झेरॉक्सच्या मशीनपाठी,
आणि गोलकीपर धनावडे
एटीएमच्या दाराशी स्टुलावर,
दोन्ही हात मांडीवर,
जिथे आठ तासांत एकही चेंडू येत नाही.

एकदा समितीला विचारलं होतं,
सकाळी सात चालेल का, रविवारी?
गटात यायचं तर गटाची वेळ, म्हणाले.
चहा मात्र पाजला. बिस्किटं पण होती.

मग पत्रं.
'महोदय, येत्या रविवारी आपला संघ मोकळा असल्यास...'
स्थळं शोधावीत तसे सामने शोधतो मी.
मुलं निर्व्यसनी आहेत, बूट स्वतःचे आहेत
(अकरांतल्या आठांचे),
मैदानाचं भाडं निम्मं आम्ही देऊ.
उत्तर येतं : कळवतो.
'कळवतो' म्हणजे काय
हे दोन मुली उजवलेल्या माणसाला
समजावून सांगावं लागत नाही.

तरी कुणी ना कुणी येतंच.
अग्निशमन दलाचे येतात, घंटा वाजली की
सदतिसाव्या मिनिटाला निघूनही जातात,
असे दोन सामने माझ्या वहीत अर्धे आहेत.
सेमिनरीतले ब्रदर येतात, फाऊल करून माफी मागतात,
मग परत फाऊल करतात.
एकदा गोदीत अडकलेल्या जहाजाचे खलाशी आले,
भाषा कुणाची कुणाला कळेना,
जाताना शिट्टी विसरून गेले.
अजून तीच वाजवतो.

तक्त्यात आमचं नाव नसतं.
आम्ही कधी पहिले आलो नाही,
शेवटचेही नाही.
मोसम कधी संपला ते
परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर कळतं.

गेल्या डिसेंबरात अ गटाचे विजेते आले.
त्यांचा कुणाशी तरी ठरलेला सामना फिसकटला होता,
बस भरलेली, मैदान ठरलेलं,
त्यांच्या सरांचा शनिवारी रात्री फोन :
मैत्रीपूर्ण खेळू या.
धुकं नव्हतं, धूर होता वडाळ्याकडचा,
पलीकडचा गोल दिसत नव्हता.
एल्रॉयचे हात गारठलेलेच असतात, पाय नाही.
दोन-एक.
दुसरा गोल मी पाहिला नाही, ऐकला,
धूर ओरडला तसा.

त्यांचे सर हात मिळवताना म्हणाले,
छान झाला सराव.
सकाळी मैत्री होती, नऊपर्यंत सराव झाला.

वडापाव खाताना एल्रॉयनं विचारलं,
सर, हे कुठे लिहिलं जातं?
मी वही दाखवली.
चाळीस पानी, मुखपृष्ठावर माझ्या धाकटीचं नाव खोडलेलं.
त्यानं तारीख वाचली, आकडा वाचला,
बोटाचं तेल लागलं पानाला.
'बरंय,' म्हणाला. आणि दुसरा वडापाव मागितला.
धनावडे काही बोलला नाही,
ड्युटी बाराची होती, तो स्टुलाकडे निघाला,
ग्लोव्ह्ज काढले नव्हते त्यानं.

यंदा अर्ज आलाय, नवा छापलेला.
अ, ब, क, ड,
आणि खाली नवा चौकोन : इतर.
कुणीतरी आमचा विचार केला म्हणायचं.
शुल्क तेवढंच, वेळ दुपारी तीन.

अर्ज पेपरवेटखाली आहे.
आधी हे पत्र पुरं करतो.
कस्टम्सचा दुसरा संघ, सचिव कुणी मिस्किटा,
ओळख नाही.
महोदय,
येत्या रविवारी