पर्यायी संपर्क

फोंड्याच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर,
ऑपरेशन थिएटरच्या मागची ती अरुंद खोली. तिच्यात एकच कंट्रोलर.
मार्चमध्ये तो पडला. बावीस मिनिटं.
छताला पालींसारखे चिकटलेले एकशे चार ऍक्सेस पॉइंट
हिरव्याचे तांबडे झाले,
आणि सिस्टर फिलोमेना वॉर्डाच्या दारात उभी राहून
हाका मारून डॉक्टर बोलावत होती.

म्हणून आता दोन घ्यायचे.
एवढं ठरलं. दोन कसे, ते ठरेना.

पुण्याहून आलेला विक्रेता फळ्यावर चौकोन काढतो:
ही जोडी. एक राबतो, दुसरा टक लावून बसतो,
कोण जोडलंय, कुठल्या किल्लीनं, सगळं पाठ करत.
पहिला गेला की हा तेच वाक्य पुढे चालवतो.
नाहीतर हे बघा, लांबचा चौकोन:
एकच राखीव, मडगावला, तिन्ही शाखांना मिळून.
स्वस्त. फक्त सगळे ऍक्सेस पॉइंट
त्याचं दार नव्यानं ठोठावणार.
चाळीसेक सेकंद, म्हणतो, आणि खांदे उडवतो.

ते चाळीस सेकंद मी फिलोमेनाकडे नेले.
ती नाडी बघत होती. बोटानंच मला थांबवलं.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
कागदावर आकडा टाकला, मग म्हणाली,
"चाळीसात माझे अडीच पेशंट होतात. वरचा अर्धा कोण, ते तू सांग."

केंकरे साहेब (सही त्यांची) म्हणाले,
म्हार्दोळला कौल लावा, उजवी पाकळी की डावी.
चेष्टाच होती. पण अर्धीच.
राखीव बसणाऱ्याला वेगळं लायसन्स लागत नाही
हे कळल्यावर त्यांनी जोडीवर सही केली.

आणि मग दामू इलेक्ट्रिशियन, सावईवेऱ्याचा,
टेपनं रॅक मोजता मोजता वर बघून:
"बाय, दोगांयक एकाच खोलींत कित्याक दवरता?"
वर पाण्याची टाकी.
छतावर तिचा डाग, कडेनं पिवळा, मधे ओला.
तीनशे पानांचं मॅन्युअल वाचलं होतं मी.
टाकी कुठल्याच पानावर नव्हती.

दुसरा गेला रस्त्यापलीकडे, नर्सिंग स्कूलच्या जिन्याखाली.
तेव्हापासून माझी झोप गेली.
मधली फायबर फणसाच्या फांदीनं तुटली तर?
दोघेही जिवंत, आणि दोघांनाही वाटणार, दुसरा मेला.
दोघेही उठणार, एकाच नावानं, एकाच पत्त्यावर,
अर्धा वॉर्ड ह्याचा, अर्धा त्याचा,
आणि खोटं कोणीच बोलत नाही.
पडलेलं मला दुरुस्त करता येतं. हे नाही.
म्हणून दोन वाटा: एक खांबांवरून, एक गटाराखालच्या पाइपातून.
शिवाय उठण्याआधी तिसऱ्याला विचारायचं,
गेटवेला: तो गेला, की मीच एकटा पडलोय?

चाचणी रविवारी, रात्री दोन वाजता.
फिलोमेना वॉर्डातल्या फोनवर होती, खालच्या मजल्यावरच्या जुझिनाशी.
मी दुसरा फोन कानाला लावून ऐकत.
दामूनं चालू कंट्रोलरची वायर उपटली.
"हुमणाक सोलां किती, तीन काय—"
"—चार. सुंगटां व्हडलीं आसत."
मी श्वास सोडला. त्या दोघी मिठावर गेल्या.

पहाटे फॉर्म भरला.
वेळ. खंड: नाही.
जबाबदार व्यक्ती: माझं नाव.
पर्यायी संपर्क: ह्या रकान्यात
गेली सहा वर्षं मी एक आडवी रेघ मारते.
दामू चहा घेऊन आला, खांद्यावरून वाचत राहिला.
"तुका ताप आयलो जाल्यार?"
मी पेन उचललं.
"दामू बरय नाका," तो म्हणाला, "दामोदर.
कागदार नांव पुराय आसूं दी."