मेनूचं तिसरं प्रूफ

पहिल्या प्रुफात मी 'चवरंग'चं 'चौरंग' करून टाकलं.
चूक वाटली.
रात्री साडेनऊला गायधनींचा फोन:
"काका, चव आणि रंग. मुद्दाम आहे ते."
असेल बाबा.
रविवार कारंजावर अठ्ठावीस वर्षं
लग्नपत्रिका, दशक्रिया, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं
जुळवणाऱ्या माणसाला
मुद्दाम केलेली चूक ओळखता येत नाही.

दुसऱ्या प्रुफाला मलाच बोलावलं, गंगापूर रोडला.
काचेचं दार, आत ओल्या पॉलिशचा वास,
खुर्च्या अजून प्लॅस्टिक पांघरून बसलेल्या.
मराठी करा म्हणाले,
पण फार मराठी नको.

करत गेलो.
अप्पमवर काळ्या मसाल्याचं मटण. जमलं.
लिट्टी, आत खानदेशी भरीत. जमलं.
पदार्थाचं मला माहीत नाही, ओळ जमली.
कुल्फीत भगर.
इथे चष्मा पुसला.
एकादशीला चालेल का, हे विचारायचं कुणाला?

बाराव्या ओळीवर अडलो.
आंबवलेले बांबूचे कोंब, नागलीच्या भाकरीबरोबर.
'बांबूचे कोंब' वाचून जेवायला कोण बसेल,
ते तर सामाजिक वनीकरणाचं पत्रक.

विचारायला मागे किचनमध्ये गेलो.
इबोम्चा, इंफाळचा,
कोपरापर्यंत तेलाचे जुने डाग भाजलेले,
त्याने बरणी उघडून नाकापुढे धरली.
"सोइबुम."
मी एक पाऊल मागे.
ओट्यापाशी भाकरी थापणाऱ्या देवकाबाई मात्र
हातातली भाकरी परातीत तशीच सोडून पुढे आल्या,
बरणीत दोन बोटं घातली, चाखलं,
"हा तर वास्ता!"
सुरगाण्याकडच्या त्या.
"आम्ही कापून वाळवतो. तुझा लई आंबलाय."

त्याला मराठी नाही, त्यांना हिंदी जेमतेम.
पुढची दहा मिनिटं सगळं बोलणं हातांचं:
केवढा वाढला की खणायचा,
कडूपणा जायला किती पाणी ओतून द्यायचं.
तव्यावरची भाकरी करपली.
मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

इतकी वर्षं मला वास्ता एकच ठाऊक.
'यापुढे आमचा त्याच्याशी काहीही वास्ता राहिलेला नाही'
अशी जाहीर नोटीस
महिन्याला एक तरी टाइप करतो,
बापाने मुलाला दिलेली, भावाने भावाला.
इथून नव्वद किलोमीटरवर
त्याच शब्दाला माती लागलेली असते,
तो सोलून घ्यावा लागतो,
पाणी बदलत बदलत शिजवावा लागतो,
हे आमच्या गल्लीत कधी पोचलंच नाही.

तिसऱ्या प्रुफात बाराव्या ओळीला
'वास्ता' टाकला. एक पॉइंट मोठा.
कुणी मोजत नाही.
गायधनींनी मोजलं.
लाल पेनने काट मारून म्हणाले,
"गिऱ्हाईक विचारत बसेल, काका. बॅम्बू शूट ठेवा."
ठेवलं.
तीनशे वीस रुपये, टॅक्स वेगळा.
काट मारलेला कागद टाकायचा राहून गेला,
ड्रॉवरमध्ये आहे, पंचांगाखाली.

सोमवारी आडगावचे एकजण आले,
हातात वकिलाचा मजकूर, धाकट्या भावाविरुद्ध.
बसले. पंखा मोठा करा म्हणाले.
मी भराभर उतरवत गेलो, गट नंबर, चतुःसीमा,
आणि त्या शब्दापाशी बोट थांबलं.
"काय झालं? अक्षर लागत नाही का?"
"लागतंय.
भाऊ जेवतो का हो तुमच्याकडे, आला गेला तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले.
"त्याचा इथे काय संबंध?"