नामावळी

सन एकोणऐंशी. ओझरच्या विमान कारखान्यात
मी रशियनचा दुभाष्या.
नटबोल्टांचे, इंधनाच्या नळ्यांचे शब्द
दिवसभर इकडून तिकडे वाहायचो.
पोत्यात काय आहे, हे हमालाने विचारायचं नसतं.

एका रविवारी गंगेवर आलो तिघे :
जोडणी विभागातला ओस्ताप, मी,
आणि ओस्तापवर नजर ठेवायला एक साहेब.
साहेबाने बूट काढले, कॅमेरा नाही.

बंडोपंत गायधनींनी खारव्यातून वही सोडली.
हातभर लांब, सगळी मोडी.
बऱ्हाणपूरचे कासार, येवल्याचे साळी,
सात पिढ्या एका पानावर दाटीवाटीने.
"यांचंही घालू की. गाव? बापाचं नाव?"

ओस्ताप पाण्याकडे बघत राहिला.
मग रशियनमध्ये नाही,
आईच्या भाषेत, जी मला निम्मीच कळायची :
वेर्बिव्का. प्रोकिप.

पंतांचा टाक थांबला. "कै. लावायचं का?"
मी विचारलं, वारलेत का?
साहेब तेव्हा माकडांचे फोटो काढत होता.
"नका लावू," ओस्ताप म्हणाला.
इतकं हळू, की मीही पंतांना हळूच सांगितलं.

परतताना जीपमध्ये साहेब घोरू लागला, तेव्हा कळलं :
बाप इतिहासाचा प्राध्यापक.
गावच्या चर्चची मृत्यूनोंद उतरवून काढली, साल तेहतीस.
मार्चपर्यंत एकच अक्षर,
एप्रिलमध्ये दुसऱ्याचं,
मेपासून पानं कोरी.
माणसं मरत होती, लिहिणारंच उरलं नव्हतं.
हे वर्गात सांगितलं म्हणून आधी
हमामखान्याच्या भट्टीत कोळसा, मग मोर्दोव्हियाची छावणी.
ग्रंथालयाच्या खणातून त्याची कार्डं उपसली,
गज परत सारला, खण नीट बंद झाला.
आणि ओझरला येण्याच्या फॉर्मवर
वडील : मृत,
हे मुलानेच लिहिलं. स्वतःच्या हाताने.

मध्येच साहेब जागा झाला.
म्हातारा काय लिहीत होता?
दक्षिणेचा हिशोब, मी म्हटलं. अकरा रुपये.
माझं नोकरीतलं एकुलतं चुकीचं भाषांतर.

परवा पंतांच्या नातवाकडे गेलो.
मोडी मला येत नाही, त्याला जेमतेम.
बोट फिरवत फिरवत थांबला :
"काका, हे कुठलं हो गाव? लागत नाहीये.
आणि नावाआधी आजोबांनी
दोन अक्षरांची जागा सोडलीय."